वालचंद हिराचंद आणि माझी रविवारची फियाट



स्मरणिका समितीने मला माझ्या जुन्या फियाटबद्दल लिहायला सांगितलं. दर रविवारी ग्रुपवर तिचे फोटो टाकून मी तुम्हाला पुरेसा त्रास दिलेला आहे. त्यामुळे तेच कौतुक पुन्हा छापण्यापेक्षा, ज्या माणसाच्या हट्टामुळे ती गाडी आपल्याकडे बनू लागली त्याच्याविषयी लिहावं असं वाटलं. वालचंद हिराचंद हे नाव आपल्या ओळखीचं आहे, पण नावापुरतंच. रावळगावच्या गोळ्या आपण मधल्या सुट्टीत खाल्ल्या. सांगलीच्या वालचंद कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून बारावीला आपल्यातल्या काहींनी रात्री जागवल्या. इंदापूरच्या बाजूला गेलेल्यांनी वालचंदनगरची पाटी पाहिली असेल. या तिन्ही नावांमागचा माणूस एकच आणि माझी गाडीही त्याच्याच खात्यावर जमा आहे, हे मला गाडी घेतल्यावर कळलं.

माझी गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. पुढे नाव फियाटचं असलं तरी बॉनेट उघडलं की आतल्या पट्टीवर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं नाव दिसतं. हीच गाडी पुढे थोड्या फरकाने प्रीमियर पद्मिनी झाली. जाणकारांच्या भाषेत व्हिंटेज म्हणजे साधारण १९३०च्या आधीची गाडी, त्यामुळे माझी त्यात बसत नाही. पण आपल्या सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. एकूण काय, शनिवारी हात काळे करायचे आणि रविवारी सकाळी दौलताबादपर्यंत जाऊन यायचं, एवढाच तिचा संसार.

आता वालचंदशेठकडे वळते.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन, पण आपल्या भागात रुजलेलं. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. वडील हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' नावाचं मासिक काढलं होतं. वालचंद तान्हे असतानाच त्यांची आई गेली. शाळा सोलापूरला झाली आणि पुढे ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण पदवी हातात पडली नाही. गादीवर बसून कापसाचे भाव बघण्यात त्यांचा जीव रमेना.

इथे त्यांच्या आयुष्यात लक्ष्मणराव बळवंत फाटक आले. फाटक रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती होती, भांडवल नव्हतं. वालचंदांकडे घरचं भांडवल होतं आणि कामाची माहिती शून्य. दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही कंपनी काढली आणि पहिलं कंत्राट घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे तुकड्याचं. येडशी आणि तडवळे म्हणजे आपला धाराशिव जिल्हा, तेव्हाचं निजामाचं राज्य. लातूरच्या मंडळींनी ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पाहिलेली आहे. पुढे जहाज कंपनी, देशातला पहिला विमान कारखाना असलं काय काय उभारणाऱ्या माणसाची सुरुवात आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीत भराव टाकण्यापासून झाली, हे मला फार आवडतं.

त्यांच्या कामाची पद्धत तिथेच ठरून गेली. ते स्वतः इंजिनिअर नव्हते, तसा आवही त्यांनी आणला नाही. ज्याला काम येतं तो माणूस शोधायचा, त्याला पैसा आणि मोकळीक द्यायची आणि परवानगीसाठी सरकारशी आपण झगडायचं. फाटकांची भागीदारी पुढे संपली, कंपन्यांची नावं बदलली, टाटांबरोबर बांधकामाची कंपनी झाली, १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन निघाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे या मंडळींनी खोदले. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना आपण त्यांच्या कामातूनच जातो.

पहिल्या महायुद्धात लष्कराच्या बांधकामांत त्यांना पैसा मिळाला. तो पैसा त्यांनी जहाजांत घातला. हे साल १९१९. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकायला होतं. मूळचं ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ सालचं, आणि युद्धात त्यावर इस्पितळ होतं. नरोत्तम मोरारजी आणि इतर काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन वालचंदांनी ते विकत घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. त्या तारखेला आज आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण पुढची कथा एवढी देखणी नाही. इंग्रज कंपन्यांनी दर पाडले. शेवटी १९२३ साली सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. किनाऱ्यावरचा माल, तोही ठराविक जहाजांतून, एवढीच मुभा त्यात होती. वालचंदांना तो करार मनापासून खुपत होता. तरी कंपनी जिवंत राहिली आणि १९२९ पासून पुढे दोन दशकं ते तिचे अध्यक्ष होते.

मधल्या काळात साखर आली. मालेगावजवळ रावळगावला १९३३ साली कारखाना सुरू झाला. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर दुसरा निघाला, आणि तिथल्या वसाहतीला पुढे वालचंदनगर नाव मिळालं. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. या साखरेकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीशी तिचा थेट संबंध आहे.

आता मोटार. आपल्याकडे मोटारी तेव्हाही दिसत होत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, पाठोपाठ फोर्डही आली. पण ते जोडकाम होतं. पेटाऱ्यांत सुटे भाग यायचे, इथले कामगार बोल्ट आवळायचे आणि गाडी बाहेर पडायची. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं म्हणणं असं होतं की गाडी इथे बनली पाहिजे. इंजिनाचा ठोकळा इथे ओतला गेला पाहिजे, गिअर इथे कापले गेले पाहिजेत. १९३०च्या दशकाच्या मध्याला परदेशातले कारखाने हिंडून त्यांनी योजना तयार केली. ही योजना अंगावर घेणारा उद्योगपती म्हणजे वालचंद.

आपल्यातले बरेच जण वाळूजला किंवा शेंद्र्याला काम करतात. त्यांना जोडणं आणि बनवणं यातला फरक मी काय सांगणार! इतरांसाठी एवढंच, की जोडणाऱ्याला कोणता भाग कुठे बसतो हे माहीत असतं आणि बनवणाऱ्याला तो भाग तसा का आहे हेही माहीत असतं. पुढे तो भाग झिजला तर नवा कसा करायचा, हे त्या 'का' मधूनच येतं.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण ब्रिटिश साम्राज्यातले फोर्डचे हक्क कॅनडातल्या कंपनीकडे होते आणि तिथे गाडी अडली. क्रायस्लरने होकार दिला. करार हाती आला, जागेसाठी म्हैसूर संस्थानाचा विचार झाला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. कारखान्याची यंत्रं परदेशातून आणायची तर सरकारची परवानगी लागणार, डॉलर लागणार. लष्कर इथल्या गाड्या विकत घेईल अशी हमीही हवी होती. दिल्लीच्या सरकारने यातलं काहीच दिलं नाही. युद्धाला या कारखान्याचा उपयोग नाही, असं सरकारचं मत पडलं. ज्या युद्धात ट्रकावाचून पान हलत नव्हतं त्या युद्धात!

असं दार बंद झाल्यावर माणूस काय करतो, हे पाहण्यासारखं आहे. त्याच सुमारास एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. गप्पांतून कल्पना निघाली आणि म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालं. आजची एचएएल ती हीच. दुसरीकडे विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचा पायाभरणी समारंभ झाला.

पण १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोचलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले आणि गोदीचं काम विस्कळीत झालं. त्याच वर्षी सरकारने विमान कारखान्यातला वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मोबदला मिळाला, पण दीड वर्षापूर्वी उभा केलेला कारखाना हातातून गेला. गोदी सावरली आणि तिथे बांधलेलं 'जलउषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढे १९५२ मध्ये गोदीचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

मोटारीचा ध्यास मात्र सुटला नव्हता. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स त्याआधी दोन वर्षं निघाली होती, म्हणजे पहिलेपणाचा मानही वालचंदांना मिळाला नाही. १९४७ साली कुर्ल्यातून क्रायस्लरच्या घराण्यातल्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्याही जोडलेल्याच होत्या. एकेक भाग इथे बनवत न्यायचा, असा बेत होता. विश्वेश्वरय्यांची योजना तयार झाली तेव्हापासून मोजलं तर एव्हाना बारा वर्षं होत आली होती.

१९४९ साली वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शेवटपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सरकारने धोरण ठरवलं की ज्यांच्याकडे गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. ज्या मुद्द्यासाठी वालचंद भांडत होते तो मान्य झाला तेव्हा ऐकायला ते नव्हते. कुर्ल्यात फियाट ११०० यायला लागली ती १९५४ साली. म्हणजे आपण सगळे ज्या गाडीवरून प्रीमियरला ओळखतो ती गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल की या माणसाने सुरू केलेलं बहुतेक दुसऱ्याच्या हाती गेलं. हिशेब तसा बरोबर आहे. विमान आणि गोदी सरकारकडे गेली. रावळगावचा गोळ्यांचा धंदाही अलीकडे २०२४ मध्ये विकला गेला. मोटारीचं तर पुढे फार काही चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. बाहेरची स्पर्धा नाही, किती गाड्या बनवायच्या तेही सरकार ठरवणार, त्यामुळे गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत बसायचे. मूळ रचना तीन दशकांहून जास्त काळ जवळपास तशीच राहिली. १९८३ मध्ये मारुती आली आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. २०००च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवसही ऑक्टोबर २०२३ मध्ये येऊन गेला.

तरीही माझा हिशेब थोडा वेगळा निघतो आणि तो मला शहागंजात सापडला.

घंटाघराच्या मागच्या गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण चौथी. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि बाहेरचा फुटपाथ. माझी गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षं एकाच जागी उभी होती. चाचांनी प्लग काढले, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच मुरू दिलं. मग हाताने इंजिन फिरवून पाहिलं, फिरलं. ब्रेकची व्हील सिलेंडरं गंजून धरली होती ती खोलली, टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलून जेट फुंकून काढले. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी लागतं. मी फिलर गेज घेऊन बसले होते, चाचांनी नुसत्या नजरेने लावलं. नंतर मी गेज घालून पाहिलं तर बरोबर होतं.

मी गाडी चालवायला शिकले त्याच्या निम्मंच दुरुस्तीला शिकले आहे, पण आता पुष्कळ जमतं. दर काही महिन्यांनी पुढच्या चाकांकडच्या निपलांत ग्रीस भरायचं. टपेटचा आवाज वाढला की अंतर पाहायचं. सकाळी चोक ओढून सुरू करायची आणि गरम होईपर्यंत घाई करायची नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे, तो ढकलायचा नसतो, हळू न्यायचा असतो. मे महिन्यात दौलताबादचा चढ चढताना पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गपकन बंद पडते. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचं, किल्ल्याकडे बघत पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायची. बंद पडलेल्या फियाटजवळ दर वेळी कोणीतरी थांबतंच, आणि त्यातल्या निम्म्यांना काय करायचं ते माहीत असतं.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आताच्या गाडीत माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या लाखो ओळी असतात. ती बिघडली की कंपनीचं यंत्र जोडल्याशिवाय बिघाड सांगत नाही, आणि ते यंत्र कंपनीकडेच असतं. नव्या गाड्या सुरक्षित आहेत, धूर कमी सोडतात, मी रोज तीच चालवते. पण फियाट वेगळी होती. तिचा प्रत्येक भाग इथे बनत गेला, म्हणून तो खोलणारे, घासणारे, नवा कातून देणारे हातही इथेच तयार झाले. कुर्ल्याचा कारखाना गेला, पण मला दरवाजाचं हँडल हवं होतं तेव्हा ते कुर्ल्याच्याच भंगार बाजारात मिळालं. मागच्या वर्षी एक बुश कुठेच मिळेना, तो आपल्या इथे जिन्सीत लेथवर कातून मिळाला. गाडी फियाटच्या नकाशावरची असेल, पण चाचांसारख्या माणसांची दोन पिढ्यांची विद्या या बनवण्याच्या हट्टातून आली. वालचंदांनी मागे ठेवलेल्यांपैकी कोणी विकत न घेतलेली अशी ही एकच गोष्ट असावी.

आणि आता तीच संपायला आली आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यात फुगतो, मऊ पडतो, मग गळती. आपल्याकडे बरंचसं इथेनॉल उसातून येतं. ज्या माणसाने साखरेचे कारखाने काढले त्याच माणसाच्या गाडीची नळी ती साखर खाते, यावर चाचा खूप हसले होते. नळ्या आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवल्या, तो प्रश्न सुटला. न सुटलेला प्रश्न असा, की चाचांनंतर कोण? त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. दुकानात शिकायला पोरगा नाही. त्यांना डोळ्यांनी आता कमी दिसतं आणि पॉइंट लावायला ते मला पुढे करतात. मी पुण्यात राहते, महिन्यातून दोनदा येते. माझ्या एकटीच्या हातात ही विद्या फार तर एका गाडीपुरती टिकेल.

म्हणून वालचंदशेठचं चरित्र सांगता सांगता तुमच्याकडे एक काम आणलं आहे. ज्याला काम येतं तो माणूस आपल्याकडे आहे. शिकणारी मुलं आणि थोडा पैसा तेवढा कमी आहे. आपल्यातले काही जण आयटीआयमध्ये शिकवतात, काहींचे वाळूजला छोटे कारखाने आहेत, काही सर आणि बाई निवृत्त झाले तरी त्यांच्या शब्दाला गल्लीत अजून मान आहे. दोन-तीन मुलं रविवारी सकाळी चाचांकडे बसतील एवढी व्यवस्था झाली पाहिजे. मुलांच्या प्रवासाचे आणि नाश्त्याचे पैसे मी देते, सरावाला माझी गाडी आहे. चाचांना विचारलं आहे. मुलं हात धुऊन पळणारी नसावीत, एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.

संमेलनाच्या दिवशी गाडी शाळेच्या मैदानात उभी असेल. फोटो जरूर काढा, पण त्याआधी एखाद्या मुलाचं नाव सांगा.